सही, हातोडा आणि एक जुना चेंडू

खेळाडूने सही केलेल्या चेंडूची किंमत कशी ठरवावी, हा विषय मराठीच्या अध्यापकांनी हाती घ्यावा याचे कुणालाही नवल वाटेल. आम्ही दोघे वैनगंगेच्या दोन काठांवरच्या दोन महाविद्यालयांत शिकवतो. एक चंद्रपूर जिल्ह्यात, दुसरा गडचिरोलीत. आमच्या मुलखात बोली लागते ती सागवानावर, बांबूवर, तेंदूपत्त्यावर. चेंडूची किंमत म्हणजे टेनिस बॉलची दुकानातली किंमत, आणि हिवाळ्यातल्या सामन्यांत तो धानाच्या बांधीत हरवला की वर्गणीतून तीच पुन्हा भरायची, एवढाच आमचा हिशेब. तरीही एका विद्यार्थ्यामुळे हा प्रश्न आमच्या दारात आला आणि पाठचिकित्सेतल्या एखाद्या कूट प्रश्नासारखा आम्ही तो कैक दिवस चघळत राहिलो. त्या विद्यार्थ्याकडे येऊच. आधी बाजाराची रीत पाहू.

‘सही’ हा शब्द आपल्याकडे अरबीतून आला. मुळात त्याचा अर्थ बरोबर, निर्दोष, खरे असा आहे. म्हणजे कागदाखाली नाव लिहिण्याच्या कृतीला आपण जे नाव दिले, त्यातच ‘हे खरे आहे’ असा दावा दडलेला आहे. ‘स्वाक्षरी’ या संस्कृत शब्दात तो दावा नाही. तिथे फक्त स्वतःच्या हाताची अक्षरे आहेत. चेंडूचा बाजार या दोन शब्दांच्या मधल्या जागेत चालतो. अक्षरे त्या खेळाडूच्या हाताची आहेत का, हा एक प्रश्न. ती असली तरी चेंडूविषयी जे सांगितले जाते ते खरे आहे का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर हस्ताक्षरतज्ज्ञ देऊ शकतो. दुसऱ्यासाठी साक्षीदार लागतात, आणि पैसा बहुतेक वेळा या दुसऱ्या उत्तरालाच मिळतो.

याचे सर्वांत बोलके उदाहरण गॅरी सोबर्सच्या चेंडूचे. ३१ ऑगस्ट १९६८ रोजी वेल्समधल्या स्वॉन्सी येथे सेंट हेलेन्स मैदानावर नॉटिंगहॅमशायरकडून खेळताना सोबर्सने ग्लॅमॉर्गनच्या माल्कम नॅशला एका षटकात सहा षटकार मारले. शेवटचा चेंडू मैदानाबाहेर रस्त्यावर गेला. २००६ च्या नोव्हेंबरात लंडनच्या क्रिस्टीज या लिलावगृहात ‘तो’ चेंडू २६,४०० पौंडांना विकला गेला. त्या वेळच्या दराने वीस लाख रुपयांहून अधिक. घेणारे मुंबईचे ‘ओसियान्स’ हे कलासंग्रह आणि लिलावाचे घर होते. चेंडूसोबत खुद्द सोबर्सच्या सहीचे प्रमाणपत्र होते. ज्याने फटका मारला त्याचीच सही. याहून मोठी साक्ष कोणती? पण ग्रॅहम लॉइड नावाच्या वेल्श पत्रकाराने नंतर या प्रकरणाचा पिच्छा पुरवला. विकला गेलेला चेंडू ड्यूक बनावटीचा होता, आणि ग्लॅमॉर्गनचा संघ त्या काळी आपल्या मैदानावर सरेज बनावटीचे चेंडू वापरत असे. लिलावाच्या माहितीत त्या षटकात तीन चेंडू वापरल्याचे म्हटले होते. स्वतः नॅशचे म्हणणे, एकच वापरला. सोबर्सच्या सहीवर कुणी संशय घेतला नाही. ती खरीच होती. सहीखालचा चेंडू मात्र दुसराच असावा, असा निष्कर्ष निघाला.

या गोष्टीकडे पाहताना आम्हांला लीळाचरित्र आठवणे अपरिहार्य होते. म्हाइंभटांनी चक्रधरांच्या लीळा गोळा केल्या त्या ज्याच्या त्याच्याकडे जाऊन, ज्याने पाहिले त्याच्या तोंडून ऐकून, आणि नागदेवाचार्यांकडून पारखून घेत. पुढे धामधुमीत मूळ प्रत हरवली. अनुयायांनी ग्रंथ आठवणीतून पुन्हा उभा केला आणि त्यातून वेगवेगळे पाठ निघाले. एम. ए.च्या वर्गात आम्ही ‘अंतर्गत पुरावा’ आणि ‘बाह्य पुरावा’ हे शब्द फळ्यावर लिहितो तेव्हा मुले ते परीक्षेपुरते उतरवून घेतात. सोबर्सच्या चेंडूत हे दोन्ही शब्द जिवंत होऊन समोर उभे राहतात. शिवणीवरची बनावट हा अंतर्गत पुरावा, सोबर्सचे प्रमाणपत्र हा बाह्य. दोहोंत विरोध आला की संपादकाने कोणाच्या बाजूने कौल द्यायचा, हे लीळाचरित्राच्या अभ्यासकाला वेगळे सांगावे लागत नाही.

आता किमतीचे गणित. जाणकार पहिल्यांदा विचारतात, सही कोणाची. पण त्याहीपेक्षा महत्त्वाचे, त्याने अशा किती केल्या. सर डॉन ब्रॅडमन यांनी म्हातारपणीही चाहत्यांच्या पत्रांना उत्तरे दिली आणि समोर आलेल्या वस्तूंवर सह्या केल्या. परिणामी इतक्या थोर माणसाची साधी सही त्याच्या थोरवीच्या मानाने दुर्मीळ नाही. उदार माणसाची सही स्वस्त आणि आढ्यतेखोराची महाग, असा हा न्याय आहे. (आमच्याकडच्या रद्दीच्या दुकानात कवींच्या हस्ताक्षरातले ‘सप्रेम भेट’ किलोच्या भावाने मिळते. त्याला कारण कवींचे औदार्य की वाचकांचे, ते सांगणे अवघड आहे.) दुसरी पाहणी शाईची. लाल कातड्यावर निळे बॉलपेन आधीच जेमतेम उठते, आणि उन्हात तर ते काही वर्षांत फिकटते. वरून चकाकी देणारे रोगण लावले तर सही टिकेल असे घरच्यांना वाटते. पण रोगण पिवळे पडते, आणि संग्राहक नाक मुरडतो. चेंडू खेळातला की नवा, त्यावर एकाची सही की अकरांची, अकरांची असेल तर त्यातले किती जण वाचता येतात, हेही पाहिले जाते. आणि शेवटी एक व्यवहारातली गोष्ट: विक्रेता मागतो ती किंमत किंमत नव्हे, हातोडा पडल्यावर कुणीतरी खरोखर मोजलेली रक्कम तेवढी खरी. आपल्याकडे घरोघरी जी लाखांची स्वप्ने पाहिली जातात ती मागणीच्या आकड्यांवरून.

खोट्या सह्यांचा तर वेगळा इतिहासच आहे. गेल्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेच्या एफ. बी. आय.ने ‘ऑपरेशन बुलपेन’ नावाच्या मोहिमेत बनावट सह्या करणाऱ्यांची एक टोळी पकडली. त्यांच्या मालात बेसबॉलचे असे चेंडूही होते, ज्यांवर सही होती मदर तेरेसा यांची! त्यांनी बेसबॉलवर सही का करावी, हा प्रश्न गिऱ्हाइकाला पडला नसेल काय? आमचा तर्क असा की पडला असेल, पण सोबत प्रमाणपत्र होते. प्रमाणपत्र हातात आले की माणूस प्रश्न विचारायचे थांबतो. प्रस्तावना वाचून पुस्तक न वाचणाऱ्या समीक्षकाचा हा धाकटा भाऊ.

खबरदारी घेतल्याचीही उदाहरणे आहेत. १९९८ साली मार्क मॅग्वायर बेसबॉलमधला होम रनचा विक्रम मोडणार असे दिसू लागले, तेव्हा त्याला टाकल्या जाणाऱ्या चेंडूंवर आधीच गुप्त निशाण्या करण्यात आल्या. उद्या गॅलरीतल्या दहा जणांनी ‘माझाच तो’ म्हटले तर ओळखता यावे म्हणून. त्या मोसमातला त्याचा सत्तरावा चेंडू १९९९ च्या जानेवारीत सुमारे ३० लाख डॉलरांना गेला. घेणारा होता कॉमिक्सचा चित्रकार टॉड मॅकफार्लन. तीनच वर्षांत, २००१ साली बॅरी बॉन्ड्सने ७३ होम रन मारून तो विक्रम मागे टाकला, आणि २०१० साली मॅग्वायरने उत्तेजक द्रव्ये घेतल्याची कबुली दिली. चेंडू खरा, निशाणी खरी, पराक्रमाचीच किंमत उतरली.

निशाणीचा हा प्रकार वाचला आणि आम्ही एकदम घरी आलो. बल्लारशाहच्या किंवा आलापल्लीच्या लाकूड आगारात ज्याने फेरी मारली आहे त्याला हे नवीन नाही. सागाचे लठ्ठे थप्प्या लावून ठेवलेले असतात. प्रत्येकाच्या तोंडावर क्रमांक, लांबी, गोलाई आणि वनखात्याच्या हातोड्याची ठोकलेली खूण. लिलावाला आलेला व्यापारी लाकूड ठोकून, रेषा पाहून, पोकळी तपासून मनाशी आकडा बांधतो. २०२३ साली अयोध्येच्या राममंदिरासाठी याच भागातले सागवान गेले, तेही असेच मोजून, खूण करून. पण ती खूण आणि वाहतुकीचा परवाना नसेल, तर सरळसोट, सोनेरी रेषांचा लठ्ठाही चोरीचा माल ठरतो. जंगलात उभ्या झाडाला किंमत असते, आगारात पडलेल्या लठ्ठ्याला असते. मधल्या वाटेवर सगळी किंमत त्या खुणेत आणि कागदावरच्या सहीत.

आणि ती सही कोणी करायची, यावर आमच्या मुलखात एक मोठे भांडण झाले आहे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला २००९ साली जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला, पण बांबू विकायचा तर वाहतुकीचा परवाना वनखात्याच्याच सहीचा. हक्क गावाचा आणि सही दुसऱ्याची, असे दोन वर्षे चालले. २०११ च्या एप्रिलमध्ये तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेकडे, देवाजी तोफा यांच्या हाती आले. बांबू तोच होता. कालपर्यंत गावाला तो विकता येत नव्हता, आज आला. चेंडूवरच्या सहीची चर्चा करणाऱ्या विद्वानांनी सहीचे मोल समजून घ्यायला एकदा इकडे यायला हरकत नाही.

आता तो विद्यार्थी. करोनाच्या आधीच्या एका उन्हाळ्यात बी. ए.चा निकाल लागल्यावर तो आमच्यापैकी एकाच्या घरी आला. सोबत प्लास्टिकच्या पिशवीत स्टीलचा डबा, डब्यात तांदूळ, तांदळात चेंडू. वडील तीन वर्षांपूर्वी वारले होते. पुढच्या अभ्यासक्रमाच्या प्रवेशासाठी अठरा हजार रुपये कमी पडत होते. ‘सर, याचे किती भेटतीन जी? खरं खरं सांगा,’ एवढेच त्याचे म्हणणे.

घरातली कथा अशी. वडील तरुणपणी नागपूरच्या एका मंडपवाल्याकडे बांबू बांधायच्या कामाला होते. १९८७ च्या विश्वचषकाच्या वेळी सिव्हिल लाइन्सच्या मैदानावर त्यांनी बांबू बांधले. ३१ ऑक्टोबरचा तो भारत-न्यूझीलंड सामना आमच्या पिढीला ऐकूनच पाठ आहे: चेतन शर्माने रुदरफोर्ड, इयान स्मिथ आणि चॅटफील्ड या तिघांचेही लागोपाठ त्रिफळे उडवून विश्वचषकातली पहिली हॅटट्रिक केली, आणि नंतर सुनील गावसकरांनी एकदिवसीय कारकिर्दीतले आपले एकमेव शतक ठोकले. २२२ धावांचे लक्ष्य भारताने तेहतिसाव्या षटकातच गाठले. बांबू सोडायला गेलेल्या वडिलांना तिथल्या कुणीतरी हा चेंडू दिला, आणि ‘हॅटट्रिकचा आहे, सांभाळ’ म्हणून सांगितले. चेंडूवर इंग्रजी अक्षरांत एक निळी सही होती. ‘चेतन’ असे वाचता येत होते, किंवा तसे वाचावेसे वाटत होते. शेजारी दुसरी एक, पुसट, न लागणारी.

आम्ही तो चेंडू दोन संध्याकाळी पाहिला. हे काम करायला आम्ही पात्र आहोत असा आमचा दावा नाही, पण पोथी पाहायची सवय उपयोगी पडते. कातडे एका बाजूने घासलेले, दुसरीकडे शिवण अजून उभी. हॅटट्रिक झाली ती डावाची चाळीस षटके उलटल्यावर, आणि न्यूझीलंडने पन्नास षटके खेळली. म्हणजे खरा चेंडू पन्नास षटकांची झीज अंगावर बाळगणारा हवा. इथे झीज होती. पण मुलाने प्रांजळपणे सांगितले की लहानपणी त्याने आणि चुलत भावांनी एक पूर्ण उन्हाळा याच चेंडूने खेळून काढला होता. झाले! अंतर्गत पुरावा संपला. पोथीवर पुढच्या हातांनी इतके लिहिले की मूळ हात दिसेना. वरून वडिलांनी सही टिकावी म्हणून लाकडाला लावायचे रोगण फासलेले. बाह्य पुरावा म्हणावा तर एकाही माणसाचे नाव नाही, छायाचित्र नाही, चिठ्ठी नाही. उरली फक्त घरातली आठवण, तीही दुसऱ्या पिढीकडे आलेली.

आमचा अंदाज आम्ही त्याला स्पष्ट सांगितला. हयात खेळाडूची, न तपासलेली सही, रोगण चढलेला चेंडू: हौशी माणूस दोन हजार देईल, फार तर तीन. ‘विश्वचषकातल्या पहिल्या हॅटट्रिकचा चेंडू’ म्हणून सिद्ध झाला तर आकडा कुठल्या कुठे जाईल. पण सिद्ध करायला आपल्याजवळ काही नाही. तो गप्प बसला. मग म्हणाला, नागपूरच्या एका व्यापाऱ्याकडे मामा जाऊन आला आहे. तोही दोन हजारच म्हणतो. पण प्राध्यापकांचे पत्र आणले, महाविद्यालयाच्या कागदावर, की हा चेंडू हॅटट्रिकचाच आहे आणि कुटुंबाला आम्ही ओळखतो, तर तो पंचवीस देईल.

पंचवीस हजार. अठरा भागून सात उरत होते.

त्या पत्रावरून आम्हां दोघांत खरेच वाद झाला. एकाचे म्हणणे, कथा खोटी आहे असेही आपण सिद्ध करू शकत नाही. चेंडू व्यापाऱ्याच्या काचेच्या कपाटात गेला तर कुणाचे काय बिघडते? पंचवीस हजारांत एक मुलगा शिकतो. सोबर्सच्या चेंडूवर वीस लाख उधळणाऱ्या जगात आमच्या दोन ओळी कुठल्या कुठे. दुसऱ्याचे म्हणणे, व्यापारी पैसे चेंडूचे देत नाही, पत्राचे देतो आहे. म्हणजे विकायला काढली आहे ती आपली सही. आणि उद्या त्या पत्राच्या जोरावर तो पुढच्या गिऱ्हाइकाकडून दोन लाख घेईल, ते गिऱ्हाईक कदाचित आपल्याच कुणा जुन्या विद्यार्थ्याचे असेल. पहिल्याने विचारले, मुलाचे वर्ष गेले तर? याला दुसऱ्यापाशी उत्तर नव्हते, आणि आजही नाही. सोबर्सची सही खरी असून चेंडूला वाचवू शकली नाही. आमची खरी सही खोट्या वाक्याखाली बसली असती. शेवटी दोघांचे एकमत झाले ते एवढ्यावरच की वर्गात जे फळ्यावर लिहितो ते पत्रात खोडता येणार नाही.

मग आम्ही पत्र लिहिलेच, पण आमच्या पद्धतीने. त्याच्या गावी गेलो, आईंना समोर बसवून त्या जे सांगतील ते लिहून घेतले: कोणी सांगितले, केव्हा सांगितले, चेंडू घरात कुठे कुठे ठेवला, धानाच्या कोठीत किती वर्षे होता. चेंडूचे वर्णन केले. सह्यांची जागा, शाई, रोगण, मुलांनी खेळल्याचे वर्ष. खाली लिहिले की ही कुटुंबातली परंपरागत माहिती आहे, सहीची किंवा सामन्याची स्वतंत्र पडताळणी झालेली नाही. व्यापाऱ्याने ते मामाच्या हाती परत पाठवले. अशा पत्राने चेंडूचा भाव वाढत नाही, उलट उतरतो, असा त्याचा निरोप होता. त्याच्या धंद्याच्या दृष्टीने तो बरोबर होता.

मुलगा त्या वर्षी प्रवेश घेऊ शकला नाही. एक वर्ष त्याने मूलच्या एका किराणा दुकानात काढले, उन्हाळ्यात तेंदूची पुडकी बांधली, आणि पुढच्या वर्षी गेला. चेंडू विकला नाही. एजाज पटेलने २०२१ च्या डिसेंबरात मुंबईत, आपल्या जन्मगावी, एका डावात दहाही बळी घेतल्यावर तो चेंडू सही करून मुंबई क्रिकेट संघटनेला संग्रहालयासाठी देऊन टाकल्याची बातमी आली, तेव्हा त्याचा आम्हांला फोन आला होता. ‘सर, त्याचा कागद पक्का असन,’ म्हणाला. बोलण्यात कडवटपणा नव्हता. असता तरी आम्ही तो समजून घेतला असता.

पत्राची गोष्ट थोडी राहिली. लिहून झाल्यावर मुलाने ते आईंना दोनदा वाचून दाखवले. व्यापारी, भाव, पडताळणी हे सगळे त्यांनी ऐकले न ऐकल्यासारखे केले. मग म्हणाल्या, एक गोष्ट राहिली: नागपूरवरून येताना एस. टी.त बसायला जागा नव्हती, तर हे मूलपर्यंत उभेच आले, आन् चेंडू खिशात दाबून धरला होता. ते लिहा. आम्ही ते लिहिले. खाली ‘माहिती देणार’ म्हणून जागा सोडली होती. अंगठ्याची शाई मुलाने आणून ठेवलीच होती, पण त्यांनी ती बाजूला सारली. साक्षरतेच्या वर्गात त्या सही शिकल्या होत्या. पेन घेऊन, डाव्या हाताने कागद दाबून धरून, त्यांनी सावकाश आपले नाव लिहिले. शेवटची दोन अक्षरे ओळ सोडून वर गेली. पत्राची एक प्रत आमच्या विभागाच्या कपाटात आहे. मूळ प्रत चेंडूसोबत, त्याच डब्यात, तांदळावर.